विनीतचं बोट

मडगाव,
१० एप्रिल २०२५

आत्ये,

पाया पडतो. तुझ्या रूपेशच्या मोबाइलवर निरोप पाठवू नकोस, तो बाजारात सगळ्यांना वाचून दाखवतो, असं तू दरडावून लिहिलं होतंस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं मशीन तू तांदळाच्या डब्यात ठेवलंयस. तेव्हा हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, चष्मा शोधत बसू नकोस.

बातमी अशी की रविवारी मी खेळणार आहे. बेंचवर नाही, गोलमध्ये. परत एकदा वाच, मीही कोचला परत एकदा विचारलं होतं.

आमची लीग संपली, त्यात आम्ही चौथे आलो. पहिले चार संघ आता आपसात खेळतील, त्याला प्लेऑफ म्हणतात. आधी सेमीफायनल. त्यात एकाच संघाशी दोन मॅच, एक आमच्याकडे मडगावात आणि एक त्यांच्याकडे शिलाँगला. दोन्हीकडचे गोल मिळवून जो पुढे, तो फायनलला. फायनल एकच, ४ मेला, आणि ती यंदा इथेच आहे. म्हणजे एक मॅच हरलो तर लगेच गळे काढू नका, दुसरी असते.

विनीतदादाबद्दल मी तुला नेहमी लिहितो. देवरूखचा, आमचा पहिला गोलकीपर. तीन वर्षं मी त्याच्यामागे बेंचवर बसलोय. कुठे उभं राहायचं, बॉलवर कधी झेपायचं, सगळं त्यानेच शिकवलं. छत्तिसावं चालू आहे त्याला, हा शेवटचा हंगाम. काल सरावात त्याचं उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मोडलं. डॉक्टर तीन-चार आठवडे म्हणतात. सरावात होतं असं.

माझा करार मेअखेर संपतो. तीन वर्षं नुसत्या बसलेल्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला पुढे कोण घेणार? म्हणजे जे काही आहे ते याच मॅचमध्ये. आनंद व्हायला हवा तेवढा होत नाहीये. भीती असेल.

तुझा,
सूरज


पूर्णगड,
१५ एप्रिल २०२५

चि. सूरज,

तुझी आत्या बरी हाय, असं लिहायची पद्धत हाय म्हणून लिहिते. बरी नाय.

आधी मॅचचं. रूपेशने टीव्ही बाहेर खळ्यात आणून ठेवला होता. निम्मा गाव जमला. मला ऐकू येत नाय ते बरंच, बाकीचे म्हणे नुसते बोंबलत होते. शेवटी शेवटी तू उजवीकडे आडवा पडून जो बॉल बाहेर काढलास, तेव्हा शेजारच्या केरूने उडी मारली ती थेट माझ्या पाटीवर. बांगडे खळाभर! एक-शून्यने जिंकलात. तुझी आई असती तर तिने दृष्ट काढली असती, म्हणून मीच टीव्हीवरून मीठ-मिरची ओवाळली. रूपेश हसला. हसू दे.

आता ऐक. मला पोटात ठेवता येत नाय.

रामनवमीला देवळात गेले होते. काशीराम गुरवाला म्हटलं, माझ्या सूरजसाठी गाऱ्हाणं घाल, त्याला एकदा तरी उभं राहायला मिळू दे. एवढंच बोलले रे, तुझी शपथ. काशीरामने सुरुवात केली. बा देवा म्हाराजा, तुझं लेकरू परमुलखात हाय, त्याची राखण कर रे म्हाराजा! सगळे बोलले, व्हय म्हाराजा! त्याच्या पायाला ठेच लागू देऊ नको रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि त्याच्या वाटेत जो कोण आडवा येत असेल त्याला बाजूला कर रे म्हाराजा!

ही ओळ तो सगळ्यांच्याच गाऱ्हाण्यात घालतो. कोणाची मुंबईला बढती अडलेली असो नायतर कोणाच्या पोरीचं लग्न. मला ओठांवरून कळलं तो काय बोलतोय. आणि सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा मीच केलं. माझा आवाज मला ऐकू येत नाय, म्हणून तो मोठाच निघतो.

तिसऱ्या दिवशी त्या पोराचं बोट मोडलं.

तुझ्या वाटेत आडवा दुसरा होता कोण? तोच एकटा. ज्याने तुला हाताला धरून शिकवलं, त्याला मी बाजूला करायला लावलं. काशीरामकडे परत गेले, म्हटलं मागे घे. तो म्हणतो, आवडाबाय, गाऱ्हाणं काय उसनी वाटी हाय परत न्यायला? आज चौथा दिवस, मासळी विकते पण तोंडात घालत नाय. डोळ्यांसमोर ते बोट येतं.

म्हणून याच टपालाने विनीतलाही पत्र टाकलंय, तुमच्या क्लबच्या पत्त्यावर. त्यात सगळं लिहिलंय आणि माफी मागितलीय. तू लाजू नकोस. माझी चूक, मी निस्तरते.

तुझी आत्या,
आवडाबाई


मडगाव,
१८ एप्रिल २०२५

आत्ये,

तुझी दोन्ही पत्रं काल एकदमच आली. गेटवरच्या वॉचमनने दोन्ही माझ्याच हातात दिली, म्हणाला, त्यांचंही तुम्हीच द्या. मी दिलेलं नाही. माझ्या बॅगेत आहे, गंजीफ्रॉकखाली.

तू मासळी खा. देवाने काही केलेलं नाही. मी केलंय.

सरावाच्या शेवटी आम्ही गंमत म्हणून छोटी मॅच खेळतो. त्यात मी गोलकीपर नसतो, पुढे खेळतो. त्या दिवशी बॉल माझ्या पुढ्यात आला आणि दादा माझ्या पायांवर झेपावला. त्याचे हात बॉलवर पोचले होते. मला दिसले. अशा वेळी पाय उचलायचा असतो, वरून उडी मारून जायचं असतं. हे पण त्यानेच शिकवलंय. मी पाय उचलला नाही.

मोडायचं असं मनात होतं का? नाही. पण पाय उचलायला वेळ होता, आणि मी उचलला नाही, आणि तेव्हा डोक्यात एकच होतं की चार दिवसांनी सेमीफायनल आहे. सगळे म्हणाले, अपघात. दादा स्वतः म्हणाला, होतं रे, माझंच चुकलं, मी उशिरा झेपावलो. तो उशिरा झेपावला नव्हता.

आता तुझं पत्र वाचून तो हसेल, मला जवळ घेईल, म्हणेल तुझी आत्या किती भोळी. ते मला सोसणार नाही. म्हणून दिलं नाही.

उद्या आम्ही शिलाँगला निघतो. रविवारची मॅच होऊ दे, मग बघतो. तोवर कोणाला बोलू नकोस. रूपेशला तर नाहीच.

सूरज


पूर्णगड,
२२ एप्रिल २०२५

सूरज,

आशीर्वाद नंतर. आधी शिव्या.

मेल्या, मी आठ-दहा दिवस देवासमोर नाक घासतेय आणि तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं बोट कोणी मोडलं! तुझं पत्र आलं तशी उठले, बांगड्याचं तिखलं केलं आणि रागाने दोन जास्तीच खाल्ले. माझा देव सुटला. तू काय सुटला नाहीस.

मॅच बघितली. एक-एक. केरू कपाळाला हात लावून बसला, म्हणे बरोबरी झाली, आता काय. मी त्याला सांगितलं, अरे शुंभा, मागचा एक आपला हाय, तो मिळव, आपण फायनलला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आवडाबायला कसं काय कळतं म्हणून. चांगला खेळलास. हे पण लिहिते, कारण ते खरं हाय. पण बॉल काढल्यावर तू हात वर केलास आणि लगेच खाली घेतलास, ते मला दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसलं नाय.

पाय उचलला नाय हे वाईटच. पण ते अर्ध्या क्षणाचं काम, माणसाकडून होतं. दुसऱ्याच्या नावाचं पत्र पाच-पाच दिवस बॅगेत लपवायचं, हे मात्र रोज सकाळी उठून ठरवून करावं लागतं. ते मला जास्त लागलं. भाऊ-वहिनी गेल्यावर सहा वर्षांचा तू माझ्याकडे आलास. चिंचा चोरल्यास तरी संध्याकाळी येऊन सांगायचास.

तुला शिकवायला मी काय फार सोवळी नाय. पावसच्या बाजारात माझी जागा हाय ना, वडाखाली, सावलीची? ती दमयंतीची. तिची दीपाली झाली तेव्हा ती सव्वा महिना घरी होती. मी म्हटलं, तोवर बसते. ती परत आली तेव्हा मी तिला बघून न बघितल्यासारखं केलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिले. ती पाटी उचलून कडेला जाऊन बसली, उन्हात. तीस वर्षं झाली. रोज आम्ही एकमेकींना चहा देतो, आणि रोज मी सावलीत बसते.

तेव्हा असं करूया. तू ते पत्र त्याला दे आणि तुझं तुझ्या तोंडाने सांग. मी दमयंतीला सांगते. कोण आधी सांगतं बघू.

आवडाबाई


मडगाव,
२६ एप्रिल २०२५

आत्ये,

गुरुवारी सांगितलं.

तुझं पत्र घेऊन दादाच्या खोलीवर गेलो. तो खिडकीपाशी बसून डाव्या हाताने कैरी कापायची खटपट करत होता. म्हटलं, माझ्या आत्याचं पत्र आहे, तुझ्या नावाचं, मी आठवडाभर दाबून ठेवलं. तो म्हणाला, प्रेमपत्र आहे की काय? आणि वाचायला लागला. गाऱ्हाण्यापाशी आला आणि असा हसला, असा हसला की डोळ्यांतून पाणी. आमच्या देवरूखलाही हीच ओळ, म्हणाला, शब्दसुद्धा तेच! व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा करत त्याने कैरीची फोड माझ्यापुढे धरली.

मी फोड घेतली नाही. सांगून टाकलं. तुझे हात दिसत होते, पाय उचलायला वेळ होता, उचलला नाही. एवढंच. कारणं दिली नाहीत. तू म्हणाली असतीस, कारणं देऊ नको.

तो हसायचा थांबला. तुझं पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "जाताना दार ओढून घे."

तेव्हापासून बोललेला नाही. जेवायला समोर बसतो, मीठ माझ्याकडे सरकवतो, बोलत नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, तुझ्यासारख्या.

आता फायनलचं. दादाचं बोट वाटलं त्याहून लवकर सांधतंय. येत्या शुक्रवारी पट्टी काढतील आणि कोच त्याला बॉल पकडायला लावून बघतील. जमलं तर फायनल तो खेळेल. खेळू दे. खरंच म्हणतोय. आणि लगेच मनात येतं की न जमलं तर? हे पण खरंच आहे. दोन्ही एकदम कसं असू शकतं मला कळत नाही.

कोचला मी काही सांगितलेलं नाही. दादाला सांगायचं असेल तर तो सांगेल, त्याचा हक्क आहे. मग करार गेलाच समज.

तुझं काय झालं? दमयंतीकाकूला सांगितलंस का?

सूरज


पूर्णगड,
२९ एप्रिल २०२५

चि. सूरज,

यावेळी आशीर्वाद आधी. शाब्बास रे बाबा.

मी तुझ्या मागून सांगितलं, शनिवारी. हरले मी. तीन दिवस रोज तोंड उघडायचे आणि कोळंबीचा भाव बोलून गप्प बसायचे. शनिवारी तिनेच विचारलं, आवडे, दात दुखतोय का? मग बोलले.

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे गो, किती जुनी गोष्ट. तसंच म्हणतात ना माणसं? दमयंतीने हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं, पैसे कनवटीला लावले, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "मग ऊठ."

उठले. दुसरं काय करणार? आता ती वडाखाली, मी कडेला. सांगितलं की माणूस हलकं होतं असं कोण म्हणतं रे? मला तर ऊन लागलं. डोक्यावर ओला फडका ठेवून बसते. दुपारी चहा आला नाय तिच्याकडून. काल आला, पण साखर कमी होती.

तेव्हा विनीत बोलत नसेल तर नको बोलू दे. तुझं काम सांगायचं होतं, त्याचं काम त्याला करू दे. माफी मागितली म्हणजे ती घरपोच यायला ते काय टपाल हाय?

फायनलला गोलमध्ये उभा राहिलास तर नीट उभा राहा. बसवलं तर नीट बस. मी दोन्हीला टीव्ही बघणार.

तुझी,
आत्या


मडगाव,
७ मे २०२५

सौ. आवडाबाई यांस,

देवरूखच्या विनीतचा नमस्कार. तुमचं पत्र मला उशिरा मिळालं, का ते तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर त्याहून उशिरा देतोय, त्याचं कारण मात्र माझं. राग आला होता. अक्षर वेडंवाकडं आहे, त्याचं कारणही तुम्हाला ठाऊक आहे.

फायनल तुम्ही पाहिलीच असेल. एक-शून्यने हरलो. त्र्याऐंशीव्या मिनिटाला साधा बॉल सूरजच्या हातांतून निसटून मागे गेला. तुमच्या गावात काय काय बोलणं झालं असेल त्याची कल्पना आहे. पण गावाला आणि सूरजलाही जे माहीत नाही ते तुम्हाला सांगतो.

शुक्रवारी माझी पट्टी काढली. मी पंधरा बॉल पकडले. दुखलं, पण पकडले. कोच म्हणाले, तूच ठरव. आत्या, ती माझी शेवटची मॅच होती. सोळा वर्षं खेळलो, फायनल एकदाही खेळलो नव्हतो. हो म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं, आणि ज्याने बोट मोडलं त्याला बेंचवर बसवल्याचं सुखही मिळालं असतं. मी नाही म्हणालो. मोठेपणा म्हणून नाही. उजवीकडचा खालून आलेला बॉल मला या बोटाने थोपवता आला नसता, त्याला आला असता. संघाकडे त्या दिवशी जो बरा गोलकीपर होता तो मी सांगितला, एवढंच. पायाचं काय झालं ते कोचला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ते आमच्या दोघांतलं आहे. तिघांतलं म्हणा.

मग त्याने तो गोल खाल्ला. मॅच संपल्यावर दहा मिनिटं मी पस्तावलो, खोटं कशाला बोलू?

पण त्यानंतर जे झालं त्याचा मला बोटाहून जास्त राग आला. तो आत आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, फिटलं. देवाने हिशेब केला." मी इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोललो तो ओरडूनच. म्हटलं, गाढवा, मी सोळा वर्षांत असे चौदा गोल खाल्लेत. मी कोणाची चौदा बोटं मोडली होती? बॉल ओला होता, तुझी नजर अर्धा क्षण आधी वर गेली, म्हणून सुटला. पुढच्या वेळी बॉल हातात येईपर्यंत बघ. गोल गोलाच्या जागी, बोट बोटाच्या जागी. एकाने दुसरं फिटत नाही.

तुमच्या त्या गाऱ्हाण्याचंही तेच, आत्या. तुम्ही माफी मागितलीत, ती लगेच दिली, तुमची चूक काही नव्हतीच. देव गुरवाच्या सांगण्यावरून बोटं मोडत फिरला असता तर आमच्या देवरूखात एक धड हात उरला नसता.

सूरजला माफ केलं का, हे तुम्ही विचारणार. अजून नाही. करेन बहुतेक, पण माझ्या गतीने. मात्र तीन दिवस तो खोलीतून बाहेर आलेला नाही. ताट जातं तसं परत येतं. माझा राग जेवत्याखात्या माणसावर आहे. उपाशी माणसावर मला राग धरता येत नाही, आणि मला तर तो अजून थोडे दिवस धरायचा आहे. तेव्हा त्याला आधी कोणीतरी जेवायला घातलं पाहिजे, आणि ते काम तुमचंच.

शनिवारी सकाळी त्याला घेऊन पूर्णगडला निघतो. सहा-सात तासांची वाट, गाडीत आम्ही दोघंच. काय बोलू माहीत नाही, कदाचित बोलणारही नाही. गाडी माझी आहे, पण चालवावी त्यालाच लागेल. माझं बोट अजून वाकत नाही.

आपला,
विनीत